मंगळदुर्गाच्या निशाणाचा निवाडा

श्रीशारदा प्रसन्न. जिने एकास ग्रंथ लिहिण्याची बुद्धी दिली, आणि दुसऱ्यास तोच ग्रंथ पडद्यावर दाखविण्याची दिली, आणि तिसऱ्यास दोहोंचा मुकाबला, म्हणजे शब्दास शब्द ताडून पाहणे, करीत बसण्याची चाकरी दिली, तिचे चरणी मस्तक ठेवून दप्तरखान्यातील एक कारकून लिहितो ऐसेजे: शके एकोणीसशे एकेचाळीस, विकारी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी सरकारदरबारी एक फिर्याद दाखल जाहली, आणि तिचा निवाडा ज्या रीतीने जाहला ती रीत कोणी ध्यानात ठेविली नाही, फक्त निवाडा ठेविला, म्हणोन हा मजकूर लिहिणे प्राप्त आले. राज्याचे नाव लिहिण्याची आम्हांस आज्ञा नाही, आणि कारकुनाचे नाव आजवर कोणी विचारले नाही, सबब दोन्ही सोडिली आहेत. बाकी सर्व आमच्या समक्ष घडले, आणि जे समक्ष घडले नाही ते ज्यांचे समक्ष घडले त्यांचे तोंडून घेतले आहे.

त्या राज्यात निशाणखाते म्हणोन एक खाते होते आणि त्याचे मुख्य चिंतोपंत वझे. गृहस्थ मोठे नेमस्त. तीस वर्षे त्यांनी राज्यातील झाडून सर्व गडकोटांच्या निशाणांची देखभाल केली, कापड किती हात, काठी किती हात, दोर कोणत्या सुताचा, हे सर्व त्यांचे मुखोद्गत, आणि शेवटी त्यांनी बहात्तर कलमांचा निशाणजाबता लिहून दिला, त्यातील एकविसावे कलम असे की पाहणीचे दिवशी निशाण फडकते दिसलेच पाहिजे, वारा नाही ही सबब ऐकली जाणार नाही. या कलमाची दरबारात फार वाहवा जाहली आणि राणीसाहेबांनी पंतांस शालजोडी दिली. पंतांस एकच पुत्र, नाव अनंत, घरी अंतू म्हणत. मुलगा उंच, हसतमुख, बडबड्या, बापाच्या अगदी उलट. तो फौजेत शिलेदार जाहला आणि उत्तर सरहद्दीस हिमघाटावरील चौकीवर नेमला गेला, आणि तेथेच एका पौषात कामास आला. सरकारातून पत्र आले की चिरंजीव अनंतराव निशाण रक्षिताना पडले, निशाण अखेरपर्यंत फडकत होते. पंतांनी ते पत्र देव्हाऱ्यात ठेविले आणि चाकरीचा राजीनामा दिला, आणि सहा महिने कोणाशी धड बोलले नाहीत, आणि मग एके दिवशी दौत पुढे ओढून लिहावयास बसले.

लिहिली ती कादंबरी. नाव मंगळदुर्ग. तीत पुढील हजार वर्षांनंतरची हकीकत आहे. या राज्याने मंगळ ग्रहावर एक दुर्ग बांधिला आहे, तेथे हवा विरळ, म्हणोन दर माणशी रोज एक नळकांडे हवा मिळते, त्यावर श्वास घ्यावा आणि पहारा करावा. विवराच्या पलीकडे गनीम दुर्बीण लावून बसला आहे, त्यास आपले निशाण फडकताना दिसले पाहिजे, परंतु मंगळावर निशाण फडकविण्याजोगा वारा नाही, तेव्हा एक मोठा भाता लावून निशाणावर हवा सोडितात, आणि ती हवा शिपाई आपल्या वाट्यातून देतात. सकाळी हजेरीस सर्व जण एकसुराने म्हणतात, ‘श्वास वाचवा, निशाण फडकवा.’ शेवटी पाहणीचा दिवस येतो, भात्यात हवा संपते, आणि जयध्वज नावाचा कोवळा शिलेदार, ज्यास ना आई ना बाप, तो एक अवाक्षर न बोलता आपले नळकांडे भात्यास जोडितो, निशाण फडकते आणि तो पडतो. ही कादंबरी छापली गेली आणि घरोघर गेली, शाळेत नेमली गेली, आणि लोक वाचून रडले. आम्हीही रडलो. कारकुनास रडण्याचे प्रसंग थोडे, म्हणोन नमूद केले.

मग पाच वर्षांनी मानाजी ढमढेरे नावाचा एक सिनेमावाला पंतांकडे आला. हा पूर्वी फौजेत होता, एका पायाने किंचित लंगडत असे, आणि फौज सोडल्यावर कॅमेऱ्याची विद्या शिकून त्याने दोन लहान चित्रपट केले होते, ते कोणी पाहिले नव्हते. त्याने ओटीवर बसून पंतांस विनंती केली की ‘मंगळदुर्गा’चा चित्रपट करू द्यावा. पंत म्हणाले, “माझा एकही शब्द गाळायचा नाही.” मानाजी म्हणाला, “न्हाई गाळणार. देवाशप्पथ.” पंतांनी तेवढे एक कलम घालून कागद लिहून दिला, आणि वेणूबाईंनी, म्हणजे पंतांच्या कुटुंबाने, त्यास चहा दिला, आणि त्याने चहा पिताना भिंतीवरील अंतूच्या तसबिरीकडे एकदा पाहिले आणि पुन्हा पाहिले नाही. मग मुहूर्ताचा नारळ फुटला, आणि माळावर लाल माती पसरून दुर्ग उभा केला, आणि दीड वर्षाने चित्रपट तयार होऊन राजधानीतील तीन चित्रपटगृहांत एकाच दिवशी लागला. पंत पहावयास गेले नाहीत. आपले लिहिणे आपण काय पाहावे, असे त्यांचे म्हणणे.

पहिल्या दिवशी काय जाहले ते ऐका. खेळ सुरू जाहला आणि निम्मे लोक हसू लागले, आणि निम्मे लोक उभे राहून मुजरा करू लागले. वास्तविक पडद्यावर तेच शब्द होते जे शाळेत मुले पाठ करीत. परंतु मानाजीने काय केले होते, तर दुर्गावरील सर्व शिपाई देखणे घेतले होते, एकेकाचे दात असे की जणू दंतमंजनाच्या जाहिरातीतून उठून आले, अंगरख्यास कडक इस्त्री, श्वास कोंडून डोळे पांढरे होत आहेत तरी केसांचा भांग मोडत नाही. हजेरीचे वाक्य दर दहा मिनिटांनी एक गोड आवाजाची बाई म्हणे आणि मागे सनई वाजे. आणि नटांस सक्त ताकीद की कोणी हसावयाचे नाही, डोळा मिचकावावयाचा नाही, जे बोलाल ते मनापासून खरे मानून बोला. त्यामुळे ज्यांस हसू आले त्यांस फार आले, आणि ज्यांस नाही आले ते भारावून गेले, आणि एकाच रांगेत बसून एकाने मक्याच्या लाह्या नाकात जाईतो हसावे आणि शेजारच्याने त्याची गचांडी धरावी, असे प्रकार होऊ लागले. फौजखात्यास तर या खेळाची थट्टा मुळीच कळली नाही. त्यांनी चित्रपटगृहाच्या दारात मेज टाकून भरती सुरू केली आणि पहिल्या आठवड्यात तीनशे चाळीस जवान भरती जाहले. मानाजीने हे ऐकून कपाळावर हात मारिला म्हणतात. थट्टा करावी आणि समोरच्याने ती आज्ञा समजून पाळावी, याहून सिनेमावाल्याची फजिती ती कोणती.

हसण्याची बातमी पंतांच्या कानी गेली. पंतांनी प्रथम मानले नाही, मग शेजारच्या चिटणिसांच्या मुलीने ‘श्वास वाचवा’ म्हणताना तोंडावर पदर धरलेला त्यांनी स्वतः पाहिला, आणि त्यांचा तोल गेला. ते घरात येऊन वेणूबाईंस म्हणाले, “माझ्या अंतूचा यांनी तमाशा करून टाकला गं.” आणि त्यांनी तीन दिवस बसून फिर्यादीचा मसुदा केला, की मानाजी ढमढेरे याने माझ्या ग्रंथाचे मीठ खाऊन ग्रंथाशी बेइमानी केली, सबब खेळ बंद करून फिती जाळाव्या. येथे हे लक्षात ठेवावे की पंतांस ना द्रव्य हवे होते ना माफी. पुत्राचे त्यांचेपाशी दुसरे काही उरले नव्हते, एक पत्र आणि एक ग्रंथ, आणि आता ग्रंथास लोक हसत होते.

मग दरबार भरला. राणीसाहेब खासा गादीवर, उजवे बाजूस न्यायाधीश नारोपंत, समोर चिंतोपंत आणि मानाजी, आणि मुकाबल्यास आम्ही, एका हाती ग्रंथ आणि दुसऱ्या हाती चित्रपटाची संहिता घेऊन. प्रथम नारोपंतांनी विचारिले, “शब्द गाळला आहे काय?” मानाजी म्हणाला, “एकबी न्हाई, साहेब.” नारोपंत पंतांस म्हणाले, “मग बेइमानी कोठे?” पंत म्हणाले, “शब्दांत नाही. इस्त्रीत आहे.” दरबारात खसखस पिकली आणि नारोपंतांनी डोळे वटारले. पंत न डगमगता पुढे बोलिले, “माझ्या दुर्गावरची माणसं घामेजलेली आहेत, त्यांना भूक लागते, ती घाबरतात आणि तरी उभी राहतात. ह्याच्या दुर्गावर एकालाही भीती वाटत नाही. भीती काढून घेतली की शौर्य उरत नाही, सोंग उरतं. शब्द माझेच आहेत, पण त्यांच्या आतली माणसं ह्यानं काढून नेली.” आम्हांस हे बोलणे फार पटले. परंतु मग मानाजी बोलिला आणि तेही पटले, आणि कारकुनाचे हेच दुःख की त्यास दोन्ही बाजू लिहून घ्याव्या लागतात.

मानाजी म्हणाला, “पंत, तुमच्या ग्रंथात गनीम हाय का?” पंत म्हणाले, “आहे. विवरापलीकडे.” नारोपंतांनी आम्हांस आज्ञा केली की गनीम कोणत्या पानावर आहे ते दाखवा. आम्ही ग्रंथ चाळिला. हवालदार म्हणतो गनीम आहे, किल्लेदार म्हणतो आहे, जयध्वज तर स्वप्नातही म्हणतो. परंतु कोणी पाहिला असे एकही पान सापडेना. आम्ही तसे अर्ज केले. तेव्हा पंतांचा चेहरा पडला आणि ते म्हणाले, “सगळे म्हणतात म्हणजे असणारच.” मानाजी म्हणाला, “तेच की. सगळे म्हणत्यात ते म्या तसंच ठेवलं. फकस्त एकदा दुर्बीण पलीकडं वळवली. तिथं दगड होते.” यावर दरबारचे पंडितराव उठले आणि म्हणाले की दुर्बीण वळविणे हाच अपराध, कारण ग्रंथाने जे झाकिले ते उघडणे म्हणजे भरल्या पंक्तीत यजमानाच्या घरातील उतरंड उतरवून मडकी उघडी करणे होय. आणि दुसरे एक शास्त्री म्हणाले की ग्रंथाने झाकिले म्हणजे तेथे काही होते हे ग्रंथासही ठाऊक होते. मग दोघांत जुंपली आणि एक प्रहर त्यातच गेला, आणि राणीसाहेबांनी जांभई दिली, आणि नारोपंतांनी ते पाहून सांगितले की आता वाचनदिव्य करावे.

वाचनदिव्य ही या राज्याची जुनी चाल. एखाद्या ग्रंथाची थट्टा जाहली अशी फिर्याद आली, तर ग्रंथकर्त्याने वादातील प्रकरण भर दरबारात स्वमुखे वाचावे, हातवारे करू नयेत, स्वर चढवू नये. ऐकणाऱ्यांत कोणी हसले नाही तर ग्रंथ निर्मळ आणि थट्टा बाहेरून आणलेली, आणि कोणी हसले तर थट्टा मुळातच होती असे शाबीत. आणि वाचन चालू असता मुकाबल्याच्या कारकुनाने दुसरी प्रत समोर ठेवून बोट फिरवीत जावे, आणि जेथे फरक दिसेल तेथे घंटा वाजवावी आणि तो फरक मोठ्याने वाचून दाखवावा. आमच्या वडिलांनी अशी घंटा जन्मात दोन वेळा वाजविली होती. आम्ही एकदाही नाही. म्हणोन त्या दिवशी आम्ही घंटा पुसून लखलखीत करून आणली होती, हे कबूल करितो.

पंत वाचू लागले. शेवटचे प्रकरण, पाहणीचा दिवस. दरबारी मंडळींनी गालात सुपाऱ्या कोंबल्या होत्या, हसू येऊ नये म्हणून, कित्येकांनी आपल्याच मांडीस चिमटे घेतले, परंतु त्यांची गरज पडली नाही. पंतांनी आपला ग्रंथ आजवर मोठ्याने वाचिला नव्हता. आवाज साधा, थोडा बसलेला. भात्यातील हवा संपली, हवालदार हाका मारू लागला, शिपाई आपापल्या नळकांड्यांकडे पाहू लागले, आणि दरबारात असे शांत जाहले की पंख्याची दोरी ओढणाऱ्याचा श्वास ऐकू येई. आमचे बोट संहितेवर चालले होते, शब्दास शब्द मिळत होता. मग पंतांनी वाचिले, “तेव्हा जयध्वज एक अवाक्षर न बोलता भात्याकडे चालू लागला,” आणि आमचे बोट थांबले. संहितेत तेथे एक वाक्य जास्त होते. आमची छाती आनंदाने भरून आली आणि आम्ही घंटा वाजविली. मानाजी चटकन पुढे येऊन म्हणाला, “ते ऱ्हाऊ द्या जी. ते वाचू नका. म्या गुन्हा कबूल करतो.” परंतु घंटा वाजली म्हणजे वाचणे भाग, तशी चाल आहे, आणि आम्हीही वाचण्यास उतावीळ. आम्ही उभे राहून खणखणीत वाचिले, “जयध्वज हसून म्हणतो: चला, आबांचं निशाण फडकवून येतो, नाहीतर घरी गेल्यावर ताटावर बसू द्यायचे नाहीत.”

दरबारातील एक-दोघे हसले. सुपारी असूनही हसले. नारोपंत म्हणाले की हा शब्द गाळलेला नव्हे, घातलेला आहे, आणि शिवाय जयध्वजास बाप नाही, मग हे आबा कोण? असे म्हणोन ते पंतांकडे वळले, तो पंत खाली बसलेले. ग्रंथ मांडीवर, आणि बोटे त्या ओळीवर. ती न उचलता ते मानाजीस म्हणाले, “तुम्ही हिमघाटावर होता?” मानाजीने मान खाली घातली. पंत म्हणाले, “मला आबा एकच जण म्हणायचा.” राणीसाहेब म्हणाल्या, “काय असेल ते बोला, मानाजी. आमची आज्ञा आहे.” तेव्हा मानाजी बोलिला, आणि ते आम्ही जसेच्या तसे उतरविले आहे.

तो म्हणाला, “अंतूदादा आन म्या एकाच चौकीवर. तुमचा ग्रंथ तवा नव्हता. पाहणी यायची होती, आन तीन दिस नुसतं धुकं. निशाण गोठून फळीवानी झालेलं. हवालदार म्हनला, एकविसावं कलम हाय, फडकलं पाहिजे. अंतूदादानं गरम पाण्याचा तांब्या घेतला, म्हनला वर जाऊन वितळवतो. आन जाताना ते बोलला. ते वाक्य त्याचं हाय, माझं न्हाई. आमी समदे हसलो जी. तोबी हसत हसतच चढला. काठीच्या पायऱ्यांवर बर्फ होतं.” पंतांनी विचारिले, “आणि पाहणी?” मानाजी म्हणाला, “धुकं होतं. कोनी आलंच न्हाई.” पंतांनी विचारिले, “माझ्याकडे आलात तेव्हा का नाही सांगितलंत?” मानाजी म्हणाला, “कलम कोनी लिव्हलं ते मला ठावं होतं, पंत. तुमच्यापुढं बसून चहा पिताना कसं सांगू? तुमचा ग्रंथ म्या तीनदा वाचला. खोटा न्हाई त्यो, रडून लिव्हलेला हाय, म्हनून शब्दाला हात लावला न्हाई. पर त्यात तो पोरगा काय बी न बोलता जातो. आन अंतूदादा बोलल्याबिगर कुटं जायचाच न्हाई. एवढं एक मला सोसलं न्हाई.”

आम्ही हातातील घंटा खाली ठेविली. इतके दिवस तिची हौस होती, ती फिटली. राणीसाहेबांनी हळूच विचारिले, “पंत, वाचनदिव्य पुरे करावयाचे की फिर्याद मागे घेता?” चिंतोपंत उठले, आणि पागोटे सारखे केले, आणि म्हणाले, “मागे कशाला? बेइमानी झालीच आहे. ह्यानं माझ्या ग्रंथाशी बेइमानी केली, ते लिहा.” नारोपंतांनी आम्हांस खूण केली आणि आम्ही लिहिले. पंत म्हणाले, “आणि माझ्या ग्रंथानं माझ्या मुलाशी केली, तेही लिहा. मी त्याला बापाविना केला. मुका केला. मला त्या पत्रातला मुलगा हवा होता, मी तो लिहिला.” मग ते मानाजीकडे वळून म्हणाले, “मी त्याला ताटावरून कधी उठवलं नाही हो.” मानाजी म्हणाला, “तेबी तो सांगायचा. म्हनूनच तर हसायचो.”

मग निवाडा जाहला तो असा. खेळ बंद करू नये, फिती जाळू नयेत. चित्रपटगृहाच्या दारी पाटी लावावी की हा खेळ मूळ ग्रंथाशी बेइमान आहे, असे दरबारी शाबीत जाहले. फौजखात्याने आपले मेज उचलावे. निशाणजाबत्यातील एकविसावे कलम रद्द, वारा नसेल तेव्हा निशाण लोंबते राहिले तरी राज्यास कमीपणा नाही. ते कलम आमच्याच हातून खोडले गेले, आणि खोडताना पंत शेजारी उभे होते, रेघ सरळ येते की नाही ते पाहात. पाटी लागली आणि दुसऱ्या दिवसापासून खेळास दुप्पट गर्दी होऊ लागली, कारण बेइमानी कशी असते ते पाहणे कोणास आवडत नाही? हसणारे आणि मुजरा करणारे अद्यापि भांडतात. ग्रंथाचाही खप वाढला असे ऐकितो.

दोन दिवसांनी निवाडपत्राची प्रत देण्यास आम्ही वझ्यांच्या घरी गेलो. दुपारची वेळ होती. वेणूबाईंनी गूळपाणी दिले आणि आम्ही ओटीवर बसलो, आणि पंत आत जाऊन त्यांस सांगू लागले. दरबाराहून आल्यापासून त्यांनी काही सांगितले नव्हते असे दिसले, निवाडपत्र हाती येईतो त्यांस शब्द सापडले नसावेत. पंत म्हणाले, “अगं, त्या सिनेमात आपल्या अंतूचं बोलणं आहे.” आतून भांड्याचा आवाज थांबला. वेणूबाई म्हणाल्या, “ठाऊक आहे मला.” पंत म्हणाले, “कसं काय?” त्या म्हणाल्या, “मी सहा वेळा बघून आले. दुपारच्या खेळाला. शेजारणीकडे जाते म्हणून सांगायची तुम्हाला.” पंत म्हणाले, “आणि मला बोलली नाहीस?” त्या म्हणाल्या, “काय बोलणार? तुम्ही मसुदा करत होता. पहिल्यांदा गेले ती तुमच्या बाजूनं भांडायला म्हणून गेले, लोक हसतात ते कोण हे बघायला. मग तो आबांचं निशाण म्हणाला आणि मला कळलं, हे कुणी रचून लिहिलेलं नाही.” पंतांनी विचारिले, “शेवट कसा केलाय त्यानं? पडतो तेव्हा?” वेणूबाई म्हणाल्या, “मी नाही पाहिला. अंतू बोलला की मी उठून येते.”

आम्ही गूळपाण्याचे भांडे तेथेच ठेवून, निवाडपत्र दारात सरकवून निघालो. सही घेण्याचे राहिले, ते वरिष्ठांनी विचारल्यास आमची चूक. पुढे शनिवारी पाटीचा एक खिळा निखळला म्हणोन आम्हांस चित्रपटगृहावर धाडिले, आणि आम्ही शिडीवर असता उभयतां वझे तिकीट काढून आत गेली. खेळ अर्ध्याहून जास्त होऊन गेला, आणि आत एकदम मोठा हशा उठला, आणि तो हशा चालू असताच दार उघडून ती दोघे बाहेर आली. पंतांचे डोळे भरलेले होते आणि ते हसत होते. आम्हांस पाहून म्हणाले, “आवाज त्या नटाचा आहे, पण बोलणं त्याचंच हो.” वेणूबाई म्हणाल्या, “चला, पोळ्या करायच्यात.” आणि ती दोघे चालत घरी गेली.

एकंदर तात्पर्य इतकेच की पडद्याने ग्रंथाशी बेइमानी केली, याबद्दल दोन्ही पक्षांचा कबुलीजबाब दप्तरी आहे, आणि तो खोडण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. हाताखाली दुसरी कामे पुष्कळ पडली आहेत, सबब लेखणी येथे धुऊन ठेविली. चित्रपटास पंचविसावा आठवडा लागला आहे. चिंतोपंत आणि वेणूबाई दर शनिवारी दुपारी जातात, आणि खेळाचा शेवट त्यांनी अद्याप पाहिलेला नाही.